शोधपेटीची वर्गणी

माझ्या पीएच.डी.चा विषय दख्खनच्या बेसाल्ट खडकातलं भूजल हा आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढच्या हकिकतीत भूजल फारसं येत नाही. प्रबंधातही ते अजून फारसं आलेलं नाही. पीएच.डी. करणारा माणूस प्रबंध सोडून बाकी सगळं करतो. कोणी बागकाम करतं, कोणी प्राध्यापक संघटनेची निवडणूक लढवतं. आमच्या विभागातल्या एका गृहस्थांनी त्या काळात घर बांधून काढलं, वास्तुशांतीला गाईडना बोलावलं आणि प्रबंधाचा विषय निघायच्या आत त्यांना श्रीखंड वाढून वाटेला लावलं. मी मोबाइल अ‍ॅप काढायला निघालो. तेही कसलं, तर शोधनिबंध सांभाळायचं आणि वाचायचं.

तक्रार मात्र खरी होती. मी ज्या अ‍ॅपमध्ये माझे सगळे निबंध भरून ठेवले होते, त्याने एके दिवशी मोबाइलवरून बाडबिस्तरा गुंडाळला. आता लॅपटॉपवर वाचा म्हणे. लॅपटॉपवर वाचायला मिळत असतं तर मी एव्हाना डॉक्टर झालो असतो. घरी लॅपटॉप उघडला की मुलीला शाळेचा प्रोजेक्ट आठवतो, कॉलेजात उघडला की प्राचार्यांना नॅकचा अहवाल आठवतो. उरतो तो बसमधला वेळ, कात्रज ते शिवाजीनगर, एका हाताने वरचा दांडा धरून. ए-फोर कागद 210 मिलिमीटर रुंद आणि फोनचा पडदा जेमतेम 70, म्हणजे अक्षर आधीच एक तृतीयांश. त्यात निबंध दोन रकान्यांत छापलेला. बोटांनी मोठा करावा, डावा रकाना वाचत तळाला जावं, तिथून पुन्हा वर चढून उजवा धरावा, आणि नेमका तेवढ्यात ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण थेट संदर्भसूचीत. स्वारगेटला जो परिच्छेद सुरू केला तोच परिच्छेद डोळ्यांसमोर धरून मी कित्येकदा शिवाजीनगरला उतरलो आहे.

भाचा संगणकातला. तो मला मामा म्हणतो, तेव्हा फक्त नात्याने म्हणायचा.

"अ‍ॅप होईल मामा," तो म्हणाला, "पण पैसे?"

"लोक देतील."

"कोण लोक?"

"लोक!"

इथे माझं वाचन आडवं आलं. वर्गणीचा इतिहास मला तोंडपाठ होता. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा फ्रान्सने दिला, पण चौथऱ्याला पैसे नव्हते. 1885 साली जोसेफ पुलित्झरने आपल्या 'न्यूयॉर्क वर्ल्ड'मधून हाक दिली, देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापायचं कबूल केलं, आणि लाखाहून जास्त लोकांनी मिळून लाखाहून जास्त डॉलर जमवून दिले. त्यातल्या बहुतेकांनी डॉलरभरही दिला नव्हता. आपल्याकडे अंताजी दामोदर काळे पैसा पैसा मागत फिरले, लोकमान्य टिळकांनी पाठिंबा दिला आणि त्या पैसा फंडातून 1908 साली तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. श्याम बेनेगलांचा 1976चा 'मंथन' तर गुजरातच्या 5 लाख दूध उत्पादकांनी दोन-दोन रुपये घालून काढला. चौथरा, कारखाना, सिनेमा आणि आता माझं अ‍ॅप, ही परंपरा मला लख्ख दिसत होती.

"मामा, त्यांच्याकडे पेपर होता, टिळक होते आणि म्हशी होत्या," भाचा म्हणाला. "आपल्याकडे काय आहे?"

"माझ्या फोनमध्ये हजारावर नंबर आहेत," मी म्हणालो.

पैशांचं गणित तर त्याहून सोपं निघालं. 2024च्या नोव्हेंबरात केंद्र सरकारने 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' मंजूर केलं होतं. तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपये, 30 प्रकाशक, जवळपास 13,000 नियतकालिकं, 6,300हून जास्त संस्था आणि त्यांतले सुमारे 1 कोटी 80 लाख विद्यार्थी, प्राध्यापक, संशोधक. 1 जानेवारी 2025पासून योजना सुरूही झाली. निबंध सरकार देणार आणि ठेवायला पेटी मी देणार, अशी कामाची वाटणी मी परस्पर करून टाकली. या 1 कोटी 80 लाखांतल्या फक्त एक टक्का लोकांनी फक्त 100 रुपये दिले, तर होतात 1 कोटी 80 लाख रुपये. हा हिशेब मी एका लग्नपत्रिकेच्या पाकिटावर केला आणि पाकीट जपून ठेवलं. 'फक्त एक टक्का' हे शब्द ज्याच्या तोंडून निघतील त्याला घरच्यांनी त्याच क्षणी गरम दूध देऊन झोपवावं, असं माझं आता मत आहे.

स्टाफरूममध्ये पदार्थविज्ञानाच्या मॅडमना मी ते पाकीट दाखवलं. त्यांनी डबा खाता खाता मला 2003 सालचा एक निबंध सांगितला. सिम्किन आणि रॉयचौधुरी या दोघांनी संदर्भसूचींमधल्या छपाईच्या चुका मोजल्या होत्या. कोस्टरलिट्झ आणि थाउलेस यांचा 1973चा एक गाजलेला निबंध आहे. त्याचा संदर्भ देताना 196 ठिकाणी चूक झाली होती, पण वेगवेगळ्या चुका मोजल्या तर फक्त 45. एकच चूक तर 78 ठिकाणी जशीच्या तशी. मूळ निबंध न उघडता लोक एकमेकांच्या सूचीवरून उतरवून घेत होते, हे उघड होतं. त्या दोघांच्या अंदाजाने, संदर्भ देणाऱ्यांपैकी निबंध खरोखर वाचणारा पाचातला एक.

"तेव्हा तुमच्या 1 कोटी 80 लाखांना आधी पाचाने भागा, सर," मॅडम म्हणाल्या. "आणि कोशिंबीर घ्या."

मी कोशिंबीर घेतली. भागलं नाही.

अ‍ॅपचं नाव 'शोधपेटी' ठेवलं आणि भाचा कामाला लागला. तेव्हा पीडीएफ ही काय चीज आहे ते आम्हा दोघांना कळलं. 1993 साली ती आली ती छापील पान कुठल्याही यंत्रावर जसंच्या तसं दिसावं म्हणून. त्यामुळे फायलीत लिहिलेलं असतं ते एवढंच की हे अक्षर कागदावर इथे काढ, ते अक्षर तिथे काढ. वाक्य कुठे संपलं, रकाना कुठे बदलला, तळटीप कुठून लागली, हे त्यात असेलच याची खात्री नाही. आपल्याला ते नजरेने कळतं. भाच्याच्या प्रोग्रामला नजर नव्हती. तो बेधडक डावीकडून उजवीकडे दोन्ही रकाने ओलांडून वाचत सुटायचा. एका निबंधात डाव्या रकान्यात विहिरींची पातळी चालू होती आणि उजव्यात आभारप्रदर्शन. आमच्या पडद्यावर जे उमटलं ते मराठीत सांगायचं तर असं होतं: 'उन्हाळ्यात या विहिरींची पातळी माझ्या पत्नीच्या प्रेमळ सहकार्यामुळे सहा मीटरने खालावली.'

इंग्रजी छपाईत एफ आणि आय ही अक्षरं जोडून एकच खिळा वापरतात. तो खिळा आमच्याकडे गळून पडायचा. त्यामुळे 'फिल्ड'चं 'ल्ड' व्हायचं आणि 'फिल्टर'चं 'ल्टर'. मराठी निबंधांची गोष्टच नको. युनिकोड येण्याआधीच्या फाँटांत टाइप केलेल्या आपल्या मराठी निबंधांतून यंत्राला जे हाती लागतं, ते वाचून संत साहित्य कुठलं आणि साखर कारखाना कुठला हे सांगता येत नाही.

खरी बहार आली ती लेखकांच्या नावांत. पीडीएफच्या पोटात लेखक आणि शीर्षक यांच्यासाठी जागा असते, भाच्याने तिथून नावं उचलायची सोय केली. पण ती जागा भरतो तो टाइप करणारा संगणक. शोधपेटीने माझे निबंध लावून दिले तेव्हा बरेचसे निबंध 'अ‍ॅडमिन' यांनी लिहिलेले निघाले आणि त्यांच्या खालोखाल 'यूजर' यांचा नंबर लागला. मराठी माध्यमातल्या प्रबंधांत सगळ्यात व्यासंगी लेखक ठरला तो विद्यापीठाच्या फाटकासमोरचा एक झेरॉक्सवाला. ग्रामदैवतांपासून द्राक्षांवरच्या भुरीपर्यंत सगळ्यांवर त्याचं काम होतं. शीर्षकं म्हणाल तर 'फायनल', 'फायनल 2' आणि 'फायनल सरांच्या करेक्शनसह'. हे सगळं बघून मी भाच्याला म्हणालो, "उत्तम झालंय. आता लोकांसमोर जाऊ."

न्यूयॉर्कचं किकस्टार्टर 2009पासून या धंद्यात आहे, पण प्रकल्प मांडायला ज्या देशांतली माणसं चालतात त्या यादीत भारत नाही. म्हणून आपल्याकडचीच एक साइट धरली. अट अशी की ठरवलेली रक्कम मुदतीत पुरी जमली तर आमची, एक रुपया कमी पडला तर ज्याचे पैसे त्याला परत. रक्कम ठरवली 6 लाख. मेहुणा सीए आहे, त्याने दम भरला. "कंपनीत हिस्सा देतो असं चुकूनही लिहू नका. सेबीने 2014 साली त्यावर चर्चापत्र काढलं होतं, पण परवानगी काही आलेली नाही. भेटवस्तू द्या, आभार माना, हिस्सा नको."

"मुळात हिस्सा कशातला?" बायकोने आतून विचारलं. ती भांडी लावत होती, तरी तिला सगळं ऐकू येतं.

भेटवस्तूंवर मी प्रबंधाहून जास्त मेहनत घेतली. 100 रुपयांना अ‍ॅपमध्ये नाव, पुलित्झरच्या धर्तीवर. 500 रुपयांना कॉफीचा मग, त्यावर 'उतरवला म्हणजे वाचला नव्हे' हे वाक्य. 5,000 रुपयांना संस्थापकाबरोबर एक संध्याकाळ, मिसळीसह. मगाची किंमत, छपाई, थर्माकोल, कुरिअर आणि साइटचं कमिशन असं सगळं धरून भाच्याने हिशेब केला, तर प्रत्येक मगामागे आम्हाला पदरचे 40 रुपये घालावे लागणार होते. म्हणजे प्रतिसाद जितका उदंड तितका खड्डा मोठा. सुदैवाने प्रतिसादाने आमची लाज राखली. 5,000च्या योजनेबद्दल एका सहकाऱ्याने चौकशी केली खरी, पण ती संध्याकाळ वगळून काही सवलत मिळेल का, अशी.

साइटवरून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड, मराठी स्वच्छ. "सर, पहिल्या आठवड्यात निदान 30 टक्के रक्कम तुमच्या ओळखीच्या माणसांकडून यायला हवी. मग बाहेरची गर्दी येते."

"आणि गर्दी आणायला तुम्ही काय करता?"

"आम्ही पेज देतो सर."

तर ओळखीची माणसं. मी फोनमधल्या सगळ्या नंबरांना, म्हणजे नातेवाईक, सहकारी, शाळासोबती, गॅसवाला आणि ज्यांचं नाव मी 'प्लंबर नको' असं साठवलं आहे त्यांनाही, साइटची लिंक पाठवली. लिंकबरोबर साइटने आपोआप जोडलेलं चित्र गेलं. त्यात माझा फोटो होता. चित्रफीत काढताना कुकरच्या शिट्ट्यांमुळे सहा वेळा थांबावं लागलं होतं, त्यातला सातव्या वेळचा चेहरा त्यांनी फोटो म्हणून घेतला होता. डोळे अर्धे मिटलेले, ओठ सुकलेले. खाली माझं नाव आणि त्याखाली हिरव्या चौकटीत 'मदतीचा हात द्या'.

आपल्याकडे अशा साइटवर माणसाचा फोटो दिसला की एकच अर्थ होतो. तिथे पैसे मागितले जातात ते बहुतेक शस्त्रक्रियेसाठी, केमोथेरपीसाठी, लहान बाळाच्या इंजेक्शनसाठी. खालचा मजकूर कोणी वाचत नाही, हे मला मॅडमनी कोशिंबिरीबरोबर सांगितलंच होतं. पहिल्या तासातच पैसे यायला लागले. डोंबिवलीच्या मावसबहिणीने 2,000 पाठवले. शाळेतल्या ज्या मित्राशी माझं पंचवीस वर्षं भांडण होतं त्याने 5,000 पाठवले आणि 'झालं गेलं विसरून जा, हिंमत ठेव' असं लिहिलं. मला भरून आलं. संशोधनाबद्दल समाजाला एवढी कळकळ असेल असं कधी वाटलं नव्हतं. प्लंबरने 200 पाठवले.

संध्याकाळी मावशीचा फोन आला तो रडतच.

"कुठे दुखतंय रे? आम्हाला कळवलं का नाहीस?"

"काही दुखत नाहीये मावशी. शोधनिबंध वाचायचं अ‍ॅप काढतोय."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग, "म्हणजे तुला काही झालेलं नाही?"

"नाही."

"काहीच नाही?"

मावशीच्या आवाजात आनंद होता हे मी शपथेवर सांगेन, पण त्यात फसवणूक झाल्याची छटाही होती. घरात त्यावरून बैठक बसली. भाच्याचं म्हणणं असं की आपण खोटं कुठे बोललो आहोत? आपण मदत मागितली, ती कशासाठी हे स्वच्छ लिहिलं आहे, लोकांनी वाचलं नाही तर तो त्यांचा प्रश्न. 6 लाख होईपर्यंत मामांनी फोन घेऊ नयेत, घेतलेच तर थोडं खोकावं. बायको म्हणाली, असं काही केलंस तर खरोखर वर्गणी काढायची वेळ आणीन. मी 'माझी प्रकृती उत्तम आहे' असा खुलासा सगळ्यांना पाठवला. माझी प्रकृती उत्तम असल्याचं कळल्यावर एवढे लोक नाराज झालेले मी पहिल्यांदाच पाहिले. पैसे येणं थांबलं. जे आले होते तेही परत जायला लागले. मावसबहिणीने 2,000 मागे घेतले आणि देवाला बोललेला नवस तेवढा फेडते म्हणाली. मित्राने 5,000 मागे घेतले आणि भांडण पुन्हा सुरू केलं. प्लंबरने मात्र 200 तसेच ठेवले. माणूस मोठा. त्याचं नाव मी फोनमध्ये बदलून घेतलं आहे.

उरलेल्या मुदतीत शुभेच्छा खूप आल्या. 'स्तुत्य उपक्रम', 'अभिनंदन', जोडलेले हात. एका काकूंनी माझीच लिंक मला 'गरजूंपर्यंत पोचवा' असं लिहून परत पाठवली. विभागप्रमुख म्हणाले, आपल्या विभागाला फुकट द्यायचं हं. एकाने 80-जीची करसवलत विचारली. कोणीतरी नम्रपणे लिहिलं की सर, अमेरिकेतल्या जॉर्ज मेसन विद्यापीठातून निघालेलं झोटेरो 2006 सालापासून आहे, चांगलं आहे आणि फुकट आहे. याला उत्तर म्हणून मी एक लांबलचक मजकूर तयार केला. तो मजकूर लिहिताना लागणारे संदर्भ झोटेरोत ठेवले.

याच सुमारास शोधपेटी चाचपताना मला माझ्याच पेटीत 2014 सालचा एक निबंध सापडला. एथन मॉलिक या अभ्यासकाने किकस्टार्टरवरचे सुमारे 48,500 प्रकल्प तपासून तो लिहिला आहे. मी तो मोहिमेच्या आधीच उतरवून ठेवला होता आणि वर 'महत्त्वाचं' अशी लाल खूणही केली होती. उघडला नव्हता. त्यात असं होतं की जे प्रकल्प यशस्वी होतात ते थोडक्यात होतात आणि जे पडतात ते दणकून पडतात. ज्यांना पैसे मिळतात त्यांच्यातले 75 टक्क्यांहून जास्त लोक कबूल केलेली वस्तू वेळेवर देऊ शकत नाहीत. आणि आवाहनात शुद्धलेखनाच्या चुका असल्या की यशाची शक्यता घटते. मी आमचं आवाहन पुन्हा वाचलं. पहिल्याच ओळीत 'शोधनिबंध'चा 'शोधनिंबध' झाला होता.

मुदत संपली तेव्हा 6 लाखांपैकी जे जमलं होतं त्यात एक बरा फोनही आला नसता. साइटने प्रामाणिकपणे सगळ्यांचे पैसे परत केले. प्रश्न मिटला असता, पण वाईचे काका राहिले होते.

काका पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. ऑनलाइन व्यवहारावर त्यांचा विश्वास नाही. त्यांनी पहिल्याच आठवड्यात एसटीने पुण्याला येऊन 1,000 रुपये रोख माझ्या हातावर ठेवले होते आणि पावती मागितली होती. पावतीपुस्तक आणायचं कुठून? भाच्याने सोसायटीच्या मंडळाचं जुनं पुस्तक आणलं आणि वर गणपती, खाली 'शोधपेटी अ‍ॅपकरिता रु. 1,000 मात्र' अशी पावती फाडून दिली. आता मी पैसे परत द्यायला गेलो तर काका ते घेईनात.

"पावती फाडलेली आहे. वस्तू दे."

"काका, योजना बारगळली."

"पावतीवर तसं कुठे लिहिलंय?"

तेव्हा एका माणसासाठी अ‍ॅप बाजारात आणणं भाग पडलं. प्ले स्टोअरवर नोंदणीचे 25 डॉलर एकदाच भरायचे, तेवढे मी भरले. पण वैयक्तिक खातं नवं असेल तर आधी किमान 12 माणसांनी सलग 14 दिवस अ‍ॅप तपासून पाहावं लागतं असा तिथला नियम आहे. 1 कोटी 80 लाखांवरून मी 12वर आलो होतो आणि ते 12ही भरत नव्हते. विद्यार्थ्यांना सांगावं तर ते इंटर्नलचे मार्क विचारणार. शेवटी घरचेच भरती केले. बायको, मुलगी, मेहुणा, मावशी (बरा असल्याची खात्री करून घ्यायला), प्लंबर, काका, काकू, थोरली आत्या आणि तिच्याकडची चार माणसं. अ‍ॅप काढून टाकू नका, रोज एकदा उघडा, एवढंच मी विनवलं. निबंध वाचा असं म्हणायची माझी छाती झाली नाही.

काकांनी मात्र मनावर घेतलं. उभं आयुष्य फायली लावण्यात गेलेला माणूस तो, शोधपेटी बघून त्यांचे हात शिवशिवले. त्यांनी तिच्यात विजेची बिलं घातली, पाणीपट्टी घातली, एलआयसीच्या पावत्या आणि काकूंच्या साखरेचे रिपोर्ट घातले. आमच्या अ‍ॅपमध्ये प्रत्येक निबंधाला डीओआय क्रमांक सक्तीचा होता. निबंधांना 2000 सालापासून देतात तो, 10 आणि टिंबाने सुरू होणारा. काकांनी महावितरणचा बारा आकडी ग्राहक क्रमांक घेतला, त्याच्या आधी '10.' लावलं आणि पुढे गेले. 'सारांश' या चौकटीत ते बिल जास्त का आलं ते लिहीत. 'मुख्य शब्द' म्हणून 'गिझर, थोरला जावई' असं देत. शेवटी संदर्भसूची तयार करायचं बटण त्यांना सापडलं आणि घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर रीतसर एपीए शैलीत उतरलं: 'महावितरण (2025). मे महिन्याचे देयक. वाई.' माझ्या प्रबंधाची संदर्भसूची अजून इतकी नेटकी झालेली नाही.

असंच चाललं असतं, पण काकांनी महाभूलेखवरून गावच्या जमिनीचा सातबारा उतरवून पेटीत घातला. एपीएच्या सध्याच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे तीन किंवा अधिक लेखक असले की मजकुरात पहिलं नाव घेऊन बाकीच्यांना 'व इतर'मध्ये ढकलतात. भाच्याने तीच रीत पेटीत बसवली होती. सातबारावर खातेदार पुष्कळ, म्हणून शोधपेटीने वर ठळक अक्षरांत काकांचं नाव घातलं आणि पुढे 'व इतर'.

रात्री साडेदहाला आत्याचा फोन.

"इतर कोण रे?"

"अगं, ती संशोधनातली पद्धत आहे आत्या. पहिल्याचं नाव देतात, बाकीचे..."

"बाकीचे म्हणजे मी? वडिलांच्या जमिनीत मी इतर?"

"मीही इतरच आहे आत्या."

"तू असशील. मी थोरली आहे. माझं नाव आधी घे."

काका ऐकेनात. तलाठ्याकडे खेटे त्यांनी घातले, फेरफार त्यांनी करून घेतला, वारसनोंदीचं सगळं त्यांनी केलं, तर पहिलं नाव दुसऱ्या कोणाचं का म्हणून? हाच वाद मी आमच्या विभागात प्रत्येक निबंधाच्या वेळी ऐकला आहे, फरक एवढाच की तिथे जमीन नसते. मी तोडगा सुचवला. गणितात आणि अर्थशास्त्रात लेखकांची नावं बहुधा आद्याक्षरांच्या क्रमाने देतात, तसं करू. दोघांनाही ते पटलं. भाच्याने रात्रीत सुधारणा करून टाकली. आत्याचं सासरचं आडनाव 'अ'ने सुरू होतं. सकाळी शोधपेटीत सातबाऱ्यावर तिचं नाव वर आणि 'व इतर'मध्ये काका.

पहिल्या एसटीने काका दारात हजर. हातात गणपतीची पावती.

"माझे पैसे परत दे. रोख."

मी निमूटपणे 1,000 रुपये मोजून दिले. काकांनी ते दोनदा मोजले, पावतीवर 'रक्कम परत मिळाली' असं लिहून खाली सही आणि तारीख टाकली, आणि पावती मला दिली.

"मग काका, अ‍ॅप काढून टाकू का तुमच्या फोनमधून?" मी हात पुढे केला.

काकांनी फोन खिशात घातला. "ते कशाला? मग विजेची बिलं कुठे ठेवू?"